वनकामे आणि ओढ्यांचे पाणी : प्रदूषणाचा प्रतिबंध तोडीपूर्वीच्या आखणीत

घनदाट जंगलातून वाहत येणारे पाणी स्वच्छ असते, हा सर्वसामान्य समज बहुतांशी खरा आहे. पावसाच्या थेंबांचा मारा प्रथम झाडांची पाने आणि नंतर जमिनीवरील पालापाचोळा झेलतो. पाणी जमिनीत मुरते आणि सावकाश झिरपत ओढ्यापर्यंत पोहोचते. या प्रवासात माती जागेवरच राहते. मात्र त्याच जंगलात वृक्षतोड, रस्तेबांधणी, ओंडक्यांची ओढणी, रोपवनासाठी जमिनीची तयारी आणि तणनाशकांची फवारणी ही कामे सुरू झाली, की पाण्याची ही नैसर्गिक गाळणी जागोजागी फाटू लागते.

या प्रदूषणाचे एक वैशिष्ट्य आहे. कारखान्याचे सांडपाणी एखाद्या नळातून बाहेर पडते. तेथे नमुना घेता येतो, यंत्रणा बसवता येते आणि दोषीला नोटीसही देता येते. वनकामांतून होणारे प्रदूषण असंख्य उतारांवरून, गाडीवाटांवरून आणि घळ्यांमधून येते. ओढा गढूळ झाल्यावर त्यावर प्रक्रिया करणे जवळजवळ अशक्य असते. त्यामुळे त्याचा प्रतिबंध हा झाडाला कुऱ्हाड लागण्यापूर्वी, कामाच्या आखणीतच करावा लागतो. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात सहा दशकांपूर्वी सुरू झालेल्या एका प्रयोगाने ही बाब मोजमापासह दाखवून दिली.

प्रदूषणाचे पाच प्रकार

वनकामांमुळे पाण्यात मिसळणाऱ्या घटकांमध्ये पहिला आणि सर्वांत मोठा घटक म्हणजे गाळ. गाळामुळे माशांच्या अंड्यांना प्राणवायू मिळेनासा होतो, जलाशयांची साठवणक्षमता घटते आणि पिण्याच्या पाण्याचे शुद्धीकरण अवघड होते. गढूळ पाण्यात निर्जंतुकीकरणासाठी वापरला जाणारा क्लोरीनही पुरेसा परिणाम करू शकत नाही.

दुसरा घटक उष्णता हा आहे. काठावरची झाडे तोडल्यास लहान ओढ्यावर थेट ऊन पडते. पाणी जितके गरम, तितका त्यात विरघळणारा प्राणवायू कमी. तिसरा घटक म्हणजे पोषकद्रव्ये, विशेषतः नायट्रेट. झाडांची मुळे जे शोषून घेत होती, ते तोडीनंतर पाण्याबरोबर वाहून जाते. चौथा घटक म्हणजे फांद्या, साली व पाला यांचा ओढ्यात साचणारा कचरा. तो कुजताना पाण्यातील प्राणवायू संपवतो. पाचव्या प्रकारात तणनाशके, कीटकनाशके, तसेच यंत्रांतून सांडणारे डिझेल आणि वंगण यांचा समावेश होतो.

ॲल्सी खोऱ्यातील प्रयोग

ओरेगॉनच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या डोंगररांगेत ॲल्सी नदीचे खोरे आहे. डग्लस फर या सूचिपर्णी वृक्षाची दाट जंगले आणि ओढ्यांत येणारे सामन व ट्राउट मासे ही या प्रदेशाची ओळख. लाकूड उद्योग आणि मत्स्यव्यवसाय हे दोन्ही स्थानिकांच्या उपजीविकेचे आधार असल्याने तोडीचा पाण्यावर नेमका काय परिणाम होतो, हे जाणून घेणे आवश्यक झाले होते. त्यासाठी १९५९ मध्ये तीन लहान पाणलोट क्षेत्रांचा तुलनात्मक अभ्यास सुरू करण्यात आला.

फ्लिन क्रीक हे २०२ हेक्टरचे पाणलोट तुलनेसाठी अस्पर्शित ठेवण्यात आले. डिअर क्रीक या ३०३ हेक्टरच्या पाणलोटात सुमारे एक चतुर्थांश क्षेत्रावर, वेगवेगळ्या तुकड्यांमध्ये तोड करण्यात आली आणि ओढ्याच्या काठाने झाडाझुडपांचा पट्टा राखण्यात आला. नीडल ब्रँच या ७१ हेक्टरच्या पाणलोटात मात्र असा पट्टा न ठेवता बहुतांश जंगल सपाट तोडण्यात आले आणि उरलेला लाकूडफाटा जाळण्यात आला. पहिली सात वर्षे केवळ मोजणी झाली. रस्ते १९६५ मध्ये बांधले गेले, तोड १९६६ मध्ये झाली आणि त्यानंतर १९७३ पर्यंत निरीक्षणे सुरू राहिली.

निष्कर्ष स्पष्ट होते. नीडल ब्रँचमधील पाण्याचे वर्षातील कमाल तापमान तोडीपूर्वी सुमारे १४ अंश सेल्सिअस होते. तोडीनंतरच्या पहिल्या वर्षी ते २९ अंशांच्या वर गेले. थंड पाण्यातील माशांसाठी हा फरक जीवघेणा असतो. ओढ्यात पडलेल्या लाकूडफाट्यामुळे पाण्यातील प्राणवायूही धोकादायक पातळीपर्यंत खाली आला. कटथ्रोट ट्राउट जातीच्या माशांची संख्या मोठ्या प्रमाणात घटली आणि अभ्यास संपेपर्यंत ती पूर्ववत झाली नाही. याउलट, काठाचा पट्टा राखलेल्या डिअर क्रीकमध्ये तोडीमुळे झाला असे म्हणता येईल, असा तापमानातील कोणताही बदल आढळला नाही.

गाळाबाबतचा निष्कर्ष अधिक बोलका होता. डिअर क्रीकमध्ये केवळ रस्ता बांधल्यानंतर, म्हणजे एकही कूप तोडण्यापूर्वीच, गाळाचे प्रमाण दुप्पट झाले. नीडल ब्रँचमध्ये सपाट तोड आणि जाळणीनंतर ते तिप्पट झाले. मात्र झाडे पाडणे आणि ओंडके बाहेर ओढणे या कामांमुळे गाळात संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय वाढ दिसली नाही. पाण्याची हानी प्रामुख्याने झाड पाडण्याने होत नाही. ती रस्त्याने, उघड्या पडलेल्या जमिनीने आणि काठ मोकळा केल्याने होते, असा याचा अर्थ होतो. या तिन्ही गोष्टी आखणीच्या टप्प्यावर ठरतात, त्यामुळे त्या टाळताही येतात.

मुळांचे काम

पोषकद्रव्यांच्या बाबतीत असाच मूलभूत पुरावा अमेरिकेच्याच न्यू हॅम्पशायर राज्यातील हबर्ड ब्रुक प्रायोगिक वनातून मिळाला. हर्बर्ट बोरमन, जीन लायकेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ च्या अखेरीस तेथील १५.६ हेक्टरच्या एका पाणलोटातील सर्व झाडे पाडली. लाकूड बाहेर काढले नाही, रस्ता केला नाही आणि पुढील तीन वर्षे तणनाशक फवारून नवी वाढ होऊ दिली नाही. पहिल्या वर्षी ओढ्यातून वाहणारे पाणी ३९ टक्क्यांनी वाढले. ओढ्यातील नायट्रेटचे प्रमाण पहिल्या वर्षी ४१ पटींनी आणि दुसऱ्या वर्षी ५६ पटींनी वाढून ते पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपलीकडे गेले.

प्रत्यक्ष व्यवहारात तोडीनंतर झुडपे व रोपे लवकर वाढतात. त्यामुळे इतकी तीव्र वाढ सहसा होत नाही. परंतु या प्रयोगाने जिवंत मुळांचे महत्त्व निर्विवादपणे सिद्ध केले. तोडीनंतर जमीन किती लवकर पुन्हा हिरवी होते, यावर खालच्या गावाचे पाणी अवलंबून असते. तणनाशकाचा सरसकट वापर करून रोपवनाची जमीन दीर्घकाळ उघडी ठेवणे पाण्याच्या दृष्टीने का धोक्याचे आहे, याचेही उत्तर त्यातच आहे.

प्रतिबंधाचे उपाय

या आणि अशा अभ्यासांतून ज्या कार्यपद्धती रूढ झाल्या, त्या खर्चिक यंत्रसामग्रीपेक्षा काळजीपूर्वक आखणीवर अधिक भर देतात.

काठाचा पट्टा : ओढ्याच्या दोन्ही बाजूंना झाडांचा पट्टा अस्पर्शित ठेवला जातो. तो सावली देतो, काठाची माती मुळांनी धरून ठेवतो आणि वरून येणारा गाळ अडवतो. उतार जितका तीव्र, तितका पट्टा रुंद असावा लागतो. मात्र एखादी घळ किंवा रस्त्याचे गटार हा पट्टा ओलांडून थेट ओढ्याला मिळत असेल, तर गाळ अडवण्याच्या कामी पट्ट्याचा फारसा उपयोग होत नाही.

रस्ते : वनरस्ता शक्य तेथे ओढ्यापासून दूर, डोंगराच्या धारेवरून किंवा सौम्य उतारावरून न्यावा. रस्त्यावर पडणारे पाणी एकवटू न देता थोड्याथोड्या अंतरावर आडवे उंचवटे किंवा मोऱ्या करून जंगलातील जमिनीवर पसरवावे. ओढा ओलांडण्याच्या जागा कमीत कमी असाव्यात. ओलांडणी काटकोनात आणि टणक तळाच्या ठिकाणी करावी. मोरीचा व्यास पुराच्या पाण्याला पुरेसा नसल्यास ती तुंबते आणि रस्त्याचा भराव एका रात्रीत ओढ्यात जातो.

ओढणी : ओंडके ओढ्याच्या पात्रातून ओढू नयेत. शक्य तेथे ते चढाच्या दिशेने ओढावेत. वर ओढल्यास ओढणीच्या वाटा माथ्यावर एकत्र येतात आणि उताराकडे फाकत जातात. त्यामुळे पावसाचे पाणी विखुरते. खाली ओढल्यास सर्व वाटा तळाशी एका ठिकाणी मिळतात आणि पाणी व माती नेमकी ओढ्याच्या तोंडाशी येऊन पोहोचते.

हंगाम : ओल्या जमिनीवर अवजड वाहने चालवल्यास माती दाबली जाते, चाकोऱ्या पडतात आणि त्याच पुढे घळ्या बनतात. त्यामुळे पावसाळ्यात तोड आणि वाहतूक थांबवणे, तसेच त्यापूर्वी गाडीवाटा बंद करून त्यांवर आडवे बांध घालणे आवश्यक असते.

रसायने आणि इंधन : इंधन भरणे, यंत्रांची दुरुस्ती आणि औषधांचे मिश्रण ही कामे ओढ्यापासून दूर, सपाट जागी करावीत. वाऱ्याच्या दिवशी किंवा पावसाच्या तोंडावर फवारणी टाळावी.

उरलेला लाकूडफाटा

उपाययोजनांच्या यादीत अनेकदा दुर्लक्षित राहणारा विषय म्हणजे तोडीनंतर उतारावर सोडून दिलेले निरुपयोगी लाकूड. त्याचे परिणाम किती गंभीर असू शकतात, हे न्यूझीलंडमध्ये दिसून आले. तेथील ईशान्य किनाऱ्यावरील गिझबर्न भागात १९८८ च्या ‘बोला’ चक्रीवादळाने डोंगरउतारांची मोठी धूप झाली. माती धरून ठेवण्यासाठी त्यानंतर तेथे पाइनची लागवड करण्यास उत्तेजन देण्यात आले. ही झाडे तोडीला आल्यावर तीच टेकाडे पुन्हा उघडी पडू लागली. जून २०१८ मधील अतिवृष्टीत टोलागा बे येथे डोंगरांवरचा लाकूडफाटा नद्यांतून वाहत येऊन शेतात आणि समुद्रकिनाऱ्यावर पसरला. या प्रकरणी स्थानिक प्रशासनाने वनकंपन्यांवर खटले भरले आणि न्यायालयाने दंड ठोठावले. फेब्रुवारी २०२३ मधील ‘गॅब्रिएल’ चक्रीवादळात हीच आपत्ती पुन्हा ओढवली. त्यानंतर सरकारने चौकशी समिती नेमली आणि नोव्हेंबर २०२३ पासून व्यावसायिक वनीकरणासाठी सुधारित राष्ट्रीय मानके लागू झाली. माती वाचवण्यासाठी लावलेले जंगलही चुकीच्या पद्धतीने तोडले, तर मूळ हेतूवरच पाणी पडते, हा या घटनाक्रमाचा बोध आहे.

कायद्याचा मार्ग

अमेरिकेत या प्रश्नाचा कायदेशीर प्रवासही उद्बोधक आहे. ॲल्सी येथील निरीक्षणे सुरू असतानाच, १९७१ मध्ये ओरेगॉनने वनकामांचे नियमन करणारा कायदा केला. पुढील वर्षी, १९७२ मध्ये, अमेरिकेचा राष्ट्रीय स्वच्छ पाणी कायदा संमत झाला. या कायद्याचा मुख्य रोख मात्र नळातून किंवा गटारातून होणाऱ्या विसर्गावर होता. वनरस्त्यांच्या गटारांतून ओढ्यात येणारे पावसाचे पाणी हा असा विसर्ग मानावा काय, हा वाद अखेर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. मार्च २०१३ मध्ये न्यायालयाने अशा पाण्यासाठी औद्योगिक विसर्गाचा परवाना आवश्यक नाही, ही पर्यावरण संरक्षण संस्थेची भूमिका मान्य केली. २०१४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायद्यात तशी तरतूदही केली. परिणामी ही जबाबदारी पुन्हा राज्यांच्या वननियमांवर आली.

ओरेगॉनमध्ये दीर्घ संघर्षानंतर लाकूड कंपन्या आणि पर्यावरण संघटना यांच्यात २०२१ मध्ये समझोता झाला आणि २०२२ मध्ये त्याला कायद्याचे स्वरूप मिळाले. त्यानुसार खासगी जंगलांतील ओढ्यांच्या काठचे राखीव पट्टे वाढवण्यात आले. मोठ्या वनमालकांनी आपल्या सर्व वनरस्त्यांची पाहणी करून दोषांची दुरुस्ती २० वर्षांत पूर्ण करावी, असेही ठरवण्यात आले.

पुन्हा मोजणी

नियमांचा प्रत्यक्षात उपयोग होतो काय, याचे उत्तर शोधण्यासाठी संशोधक पुन्हा ॲल्सी खोऱ्यात गेले. १९६६ मध्ये उजाड झालेल्या नीडल ब्रँचमध्ये तोपर्यंत नवे जंगल तोडीयोग्य झाले होते. २००९ पासून ते टप्प्याटप्प्याने, परंतु या वेळी काठाचा पट्टा राखून आणि आधुनिक पद्धतींनी तोडण्यात आले. तापमान आणि गाळ या दोन्हींबाबतचे निष्कर्ष अनुक्रमे २०१६ आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. चार दशकांपूर्वी दिसलेली कमाल तापमानातील मोठी वाढ या वेळी आढळली नाही. तोडीमुळे गाळात वाढ झाल्याचा पुरावाही मिळाला नाही. तोच ओढा, तोच डोंगर आणि तीच जात. फरक केवळ कामाच्या पद्धतीत होता.

या समाधानकारक चित्राला एक दुसरी बाजूही आहे. याच खोऱ्याबाबत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, ४० ते ५३ वर्षे वयाच्या रोपवनातून उन्हाळ्यात वाहणारे पाणी जुन्या परिपक्व जंगलाच्या तुलनेत सुमारे ५० टक्क्यांनी कमी होते. झपाट्याने वाढणारी एकवयीन झाडे अधिक पाणी शोषतात. पाणी कमी झाले, की त्यात मिसळणाऱ्या दूषित घटकांची तीव्रता वाढते. त्यामुळे पाण्याची गुणवत्ता आणि उपलब्धता यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

भारतीय संदर्भ

भारतात या विषयाला मोसमी पावसाचे परिमाण आहे. वर्षभराचा बहुतेक पाऊस अवघ्या चार महिन्यांत कोसळतो. सह्याद्रीचा घाटमाथा असो, मध्य भारतातील सागवानाची जंगले असोत किंवा हिमालयाचे उतार असोत, मृगाचा पाऊस येण्यापूर्वी गाडीवाटा, जाळरेषा आणि रोपवनाची उघडी जमीन सुरक्षित केली नसेल, तर पहिल्याच सरींत माती ओढ्यात उतरते. सुट्या ढेकळांची आणि मोकळ्या मातीची सर्वाधिक हानी याच काळात होते.

१९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने तीव्र उतारांवरील तसेच नद्या, तलाव व जलाशयांच्या पाणलोटातील जंगलांना बाधा आणणाऱ्या प्रकल्पांवर कठोर निर्बंध असावेत, असे नमूद केले आहे. सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात १२ डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या आदेशानुसार केंद्र सरकारने मंजूर केलेल्या कार्य आयोजनेखेरीज जंगलात वृक्षतोड करता येत नाही. त्यामुळे ओढ्यांच्या संरक्षणाच्या तरतुदी नेमक्या कोठे असाव्यात, या प्रश्नाचे उत्तर भारतात तयार आहे. कार्य आयोजनेत कूपनिहाय नकाशावर ओढे, काठाचे पट्टे, गाडीवाटा आणि ओलांडणीच्या जागा आधीच दाखवल्या, तर प्रत्यक्ष कामावरील वनरक्षकाच्या हाती निश्चित आधार येतो.

१९७४ च्या जलप्रदूषण प्रतिबंधक कायद्याची व्याख्याही व्यापक आहे. द्रव, वायू किंवा घन पदार्थ प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे पाण्यात सोडणे तिच्या कक्षेत येते. प्रवाहाला अडथळा आणून प्रदूषण वाढवणाऱ्या वस्तू त्यात जाऊ देण्यासही कायद्याने मनाई केली आहे. तथापि, हा कायदा प्रामुख्याने कारखाने आणि शहरांच्या सांडपाण्याच्या संदर्भातच चर्चिला जातो. सप्टेंबर २०२५ मध्ये हिमाचल प्रदेशातील पुरात मोठ्या संख्येने ओंडके वाहत असल्याच्या दृश्यांची सर्वोच्च न्यायालयाने दखल घेतली. अवैध तोडीची प्रथमदर्शनी शक्यता व्यक्त करून न्यायालयाने केंद्र आणि संबंधित राज्यांना नोटिसा बजावल्या. जंगलात काय घडते, हे पुराच्या पाण्यावरून खालच्या लोकांना कळते, याची जाणीव या घटनेने देशभर करून दिली.

समतल चर, दगडी नालाबांध आणि घळीतील बांधबंदिस्ती ही मृदसंधारणाची कामे महाराष्ट्रासह अनेक राज्यांतील वन कर्मचाऱ्यांना आणि ग्रामस्थांना परिचित आहेत. ती उपयुक्त असली, तरी निघालेली माती वाटेत अडवणे हेच त्यांचे मुख्य काम असते. गाडीवाट कोठून न्यायची, काठाची कोणती झाडे सोडायची आणि काम कोणत्या दिवशी थांबवायचे, हे निर्णय माती निघूच न देण्याचे काम करतात. त्यांना खर्च कमी आणि पूर्वतयारी अधिक लागते.

जंगलाच्या पायथ्याशी असलेल्या वाडीला पाणी बहुधा थेट ओढ्यातून किंवा झऱ्यातून मिळते. तेथे शुद्धीकरण केंद्र नसते. अशा ठिकाणी डोंगरावरील आखणीच्या कागदावर ओढ्याकाठी ओढलेली एक रेषा हेच तिच्या पाण्याचे एकमेव संरक्षण ठरते.